तुम्ही विचारलेत म्हणून: ते मोठे स्पीकर मी का विकले

घरी येणारा माणूस चहाचा पहिला घोट घेतो, समोरच्या भिंतीकडे पाहतो आणि विचारतो, "ते मोठे स्पीकर कुठे गेले?" विकले म्हटले की "का?" हा प्रश्न ठरलेला असतो, आणि ज्यांना स्वतःच्या हॉलसाठी उभे स्पीकर घ्यायचे असतात त्यांचा आणखी एक: "मग आम्ही कोणते घ्यावेत?" आजवर मी चार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. जागा अडत होती, शेजाऱ्यांना त्रास होत होता, वय झाले, ॲम्प्लिफायर पुरत नव्हता. यातले शेवटचे तर उघड खोटे आहे, कारण एवढ्याशा खोलीत माणूस पाच-सात वॉटच्या वर क्वचितच जातो. उरलेली तीन खरी आहेत, पण त्यांतल्या एकाहीपायी मी ते विकले नसते.

आमचा हॉल १६ फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद आहे. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली मोझेक टाइल्स, एका टोकाला गॅलरीचे दार आणि दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकवलेला दिवाण. पुण्यातल्या जुन्या इमारतींत असा हॉल घरोघरी सापडेल. स्पीकर मी ऐकले ते मात्र विक्रेत्याच्या पंचवीस फुटी दालनात, गालिच्यावर आणि जाड पडद्यांच्या आड. प्रत्येकी दोन आठ इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारे पडदे, हवेचे भोक मागच्या बाजूला, वजन ३८ किलो. घरी लावून ऐकू द्याल का, असे विचारल्यावर "साहेब, एवढं धूड कोण नेणार आणि कोण परत आणणार?" असे उत्तर मिळाले आणि ते मला लगेच पटले, कारण मला ते पटवूनच घ्यायचे होते. परदेशी परीक्षणे मी वहीत उतरवून ठेवली होती. ती लिहिणारे पुष्कळदा अशा घरांत राहतात, जिथे भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पत्रे असतात. खालच्या स्वरांनी त्या किंचित हलतात आणि थोडा आवाज गिळतात. आमची नऊ इंची वीट काहीही गिळत नाही, आलेला खालचा स्वर जसाच्या तसा परत पाठवते. हे मला तेव्हा माहीत नव्हते असे म्हणणे सोयीचे आहे. वहीच्या शेवटच्या पानावर मीच ते लिहून ठेवलेले आहे.

आता जे कधी सांगितले नाही ते सांगतो.

१९८३ साली आमच्या घरी झालेल्या एका बैठकीची कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतली होती. गाणारे माझे वडील, अप्पा. काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, हा त्यांचा षड्ज. तानपुऱ्यावर आई होती. स्पीकर घरी आले तेव्हा आईला जाऊन सहा वर्षे झाली होती आणि अप्पा ८१ वर्षांचे होते. पहिल्याच रविवारी सकाळी मी त्यांना दिवाणावर लोडाला टेकवून बसवले, स्वतः वेताची खुर्ची थोडी पुढे ओढून बसलो आणि काही न सांगता ती बैठक लावली. सुरुवातीला नुसता तानपुरा आहे. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. अप्पांची तर्जनी गुडघ्यावर तारांबरोबर हलू लागली, आणि प्रत्येक आवर्तनात चौथ्या तारेशी अडखळू लागली. चार-पाच आवर्तनांनंतर बोट थांबले.

"बंद कर."

मी विचारले, "काय झालं?"

"ती खर्जाची तार अशी आपटायची नाही. बोट टेकवून अलगद सोडायची. हे कुणी दुसरंच बसलंय."

मला काहीच आपटल्यासारखे ऐकू येत नव्हते. पावणेदोन लाखांचे स्पीकर होते, आणि माझ्या खुर्चीत तानपुरा उलट हलका, स्वच्छ, जवारीचा, म्हणजे तारेच्या झणत्काराचा, प्रत्येक तंतू सुटा असा येत होता. मी म्हणालो, "अप्पा, कॅसेट तीच आहे, तानपुराही तोच आहे. कान थकलेत तुमचे." त्यांनी वाद घातला नाही. लोड जागेवर नीट लावला, उठले आणि स्वयंपाकघरात रेडिओपाशी जाऊन बसले. त्यानंतर हॉलमध्ये त्यांनी गाणे ऐकले नाही. पुढच्या श्रावणात ते गेले.

त्या दिवाळीत झाडलोट करताना खुर्ची बाहेर काढली होती, म्हणून मी दिवाणावर टेकलो. तीच बैठक चालू होती. चौथी तार आली आणि पाठीमागच्या भिंतीतून कुणी उशी आपटावी तसा धप्प आवाज आला. पुन्हा आली, पुन्हा तसेच. मी तसाच फोन आणि टेप घेऊन बसलो. आपल्याकडच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. सुमारे ७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांच्या, स्वराची एक पूर्ण लहर या लांबीत बरोबर मावते. असा स्वर दोन्ही भिंतींपाशी आणि मधोमध फुगतो आणि भिंतीपासून चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. काळी एकचा खर्ज येतो ६९ हर्ट्झला. एरवी त्या तारेतला मूळ स्वर जवारीच्या झणत्कारात झाकलेला असतो. आमच्या भिंतीपाशी तोच तेवढा वर येत होता. खुर्चीच्या पायांचे फरशीवरचे डाग मी टेपने मोजले. दिवाणामागच्या भिंतीपासून चार फूट दोन इंच. म्हणजे अप्पांना आई तार आपटताना ऐकू येत होती, मला ती तार धड ऐकूच येत नव्हती, आणि कान थकल्याचा दाखला मी देत होतो.

यावर जाणकार लगेच विचारतील, आणि विचारलेही आहे, की ७० हर्ट्झ तर तुमचे आताचे साडेसहा इंची वूफरचे लहान उभे स्पीकरही वाजवतात, मग विकून काय साधले? बरोबर आहे. ते मी समोरच्या भिंतीपासून चार फूट पुढे ठेवले आहेत, आणि त्या ठिकाणाहून हा स्वर खोलीला फारसा चेतवताच येत नाही. निम्म्याहून अधिक फरक त्या जागेचा आहे, स्पीकरचा नाही. मग मोठेच तिथे का नाही आणले? तिथे ते गॅलरीच्या दाराच्या वाटेत येत होते, हे खरे. आवाज गिळायला कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लावता आले असते. पत्नीने नकार दिला असे मी सांगत आलो, पण तिला मी नीट विचारलेच नव्हते. खरे सांगायचे तर दारातून आत आले की ती दोन धुडे समोर दिसत आणि तो रविवार आठवे.

म्हणून "कोणते घ्यावेत" या प्रश्नाला मी आधी खोलीची मापे विचारतो आणि लोक नाराज होतात. त्यांना नाव हवे असते. तुम्ही ऐकता काय, बसता कुठे, हेही विचारतो. खाली गादीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतो आणि बहुतेक उभ्या स्पीकरांचा ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा भाग, तीन फुटांच्या वर, हे त्या दालनात खुर्चीवर बसून कधीच कळत नाही.

ज्यांनी माझे स्पीकर घेतले त्यांचा तळेगावचा हॉल २२ फुटी आहे. गेल्या वर्षी तिथे जाऊन ऐकले. उत्तम वाजत होते, आणि तेवढा मोठा, मोकळा आवाज माझ्या घरी आता नाही, हे मला मान्य करावे लागले. परतताना गाडीत मी स्वतःला मूर्ख म्हणालो. घरी येऊन आईच्या तानपुऱ्याची ती बैठक लावली आणि तो शब्द मागे घेतला. अर्थात खुर्चीत बसून. दिवाणावर बसले की खर्जाची तार अजूनही थोडी जड लागते, आणि दिवाण हलवायला आमच्याकडे दुसरी भिंत नाही.