इसे येथील मोकळा भूखंड

जपानमध्ये मराठी पर्यटकांसाठी दुभाषी म्हणून काम करताना इसे या शिंतो तीर्थस्थानी जाण्याआधी मी सर्वांना बजावून ठेवते की, तेथे आपल्या अर्थाने दर्शन होत नाही. सूर्यदेवता आमातेरासूचे प्रतीक असलेला आरसा कोणालाही दाखवला जात नाही; पांढऱ्या पडद्यापुढे दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचे आणि परतायचे. आधी गेकू, म्हणजे अन्नदेवता तोयोउकेचे मंदिर, आणि मगच आमातेरासूचे नाइकू, असा यात्रेचा क्रम आहे. वेळ वाचवण्यासाठी गेकू वगळणाऱ्या सहल-आयोजकांनी या स्थानाचा अर्धा अर्थच वगळलेला असतो.

त्या दिवशीच्या गटात कोकणातील एका देवस्थानाचे वयोवृद्ध गुरव होते. गेकूत मुख्य मंदिराशेजारी गोट्यांनी झाकलेला मोकळा भूखंड आहे. दर २० वर्षांनी तेथे नवे मंदिर उभारून देवतेला हलवतात, मागचे स्थलांतर २०१३ मध्ये झाले, पुढचे २०३३ मध्ये आहे, एवढे मी सांगितले. इतर लोक लाकडाचा खर्च विचारू लागले, गुरवकाकांनी विचारले, "ताई, देव हलवताना विधी कोणता? आमच्याकडे जीर्णोद्धाराआधी देवाचे तत्त्व कलशात घेतात."

असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, म्हणून मी सविस्तर सांगितले. स्थलांतर रात्री होते, दिवे मालवले जातात आणि रेशमी पडद्याच्या आडोशातून पुरोहित पवित्र वस्तू नेतात. निघण्यापूर्वी एक पुरोहित कोंबड्यासारखी तीनदा बांग देतो, कारण भाऊ सुसानोओच्या उच्छादाला घाबरून आमातेरासू गुहेत दडली, तेव्हा तिला बाहेर आणायला देवांनी कोंबडे आरवायला लावले होते, आरसा टांगला होता आणि उझुमे ही देवी नाचली होती, अशी ७१२ सालच्या 'कोजिकी' या जपानी ग्रंथातील कथा आहे. "ही तर तुमची उषा," असे सांगून मोकळे होणाऱ्या वाटाड्यांना या बांगेचे मोल कधीच समजत नाही.

काका भूखंडाकडे पाहत म्हणाले, "देव पलीकडे गेला, मग इथे राखण कशाची?" भूखंडाच्या मध्यावरील छोट्या झोपडीखाली मंदिराच्या पवित्र मध्यस्तंभाची जागा झाकलेली असते आणि पुढचे मंदिर तिच्यावरच उभे राहते, असे मी सांगितले. "म्हणजे मोठे स्थान की आतली वस्तू?" त्यांनी लगेच विचारले. स्थान मोठे मानावे, तर ती वस्तू एवढ्या गुप्ततेने नेतात. वस्तू मोठी मानावी, तर रिकाम्या जागेला २० वर्षे जपतात. पुढे नाइकूच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही दोघे याच प्रश्नावर बोलत राहिलो, आणि त्यांच्या देवळातही नेमकी हीच अडचण येते, असे ते म्हणाले.