जोडीदाराचा रकाना

मंगळवार हा सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. अक्कलकोट रोडकडच्या वस्त्यांतून बायका येतात, बहुतेक विड्या वळणाऱ्या. पदराला तंबाखूचा वास आणि निम्मं लक्ष घड्याळाकडं, कारण कारखान्यात माल द्यायला जायचं असतं. मी तिथं समुपदेशक आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

त्या मंगळवारी बावीस वर्षांची एक मुलगी सासूसोबत आली. पाचवा महिना. बोट टोचून एकाच पट्टीवर आम्ही एचआयव्ही आणि सिफिलिस (शरीरसंबंधातून पसरणारा, आईकडून पोटातल्या मुलालाही लागणारा रोग) दोन्ही बघतो. एचआयव्हीची रेघ आली नाही, सिफिलिसची आली. मग आरपीआर ही सिफिलिसची रक्ततपासणी केली, तीही रिॲक्टिव्ह, म्हणजे रोगाची खूण दाखवणारी. तिच्या पिशवीत मागच्या खेपेची फाईल होती. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलेलं. फाईल एका खासगी दवाखान्याची, आणि तिच्यात व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलिसच्याच तपासणीचा रकाना कोरा. ही तपासणी किती स्वस्त आणि किती सोपी आहे हे मला माहीत आहे, म्हणून तो कोरा रकाना बघून पोटात कालवलं.

"माझ्यामुळं झालं का मॅडम?" तिनं विचारलं. बाहेर सासू बसलेली. पहिलं मूल गेल्यापासून घरात तिला काय काय ऐकावं लागलं असेल, ते त्या एका प्रश्नात कळलं.

या रोगाचं खापर कायम दुसऱ्याच्या माथी फोडलं गेलंय. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त याचं नावच 'फिरंग', म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. इंग्रजांनी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला, तो गोऱ्या शिपायांना वाचवायला. धंदा करणाऱ्या बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोग सापडला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबणं. शिपायावर त्या कायद्याची सक्ती नव्हती. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण ती नजर गेली नाही. १९८६ साली चेन्नईत देशात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला, तोही वेश्यांच्या रक्तात, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूनं तो शोधला. तेव्हाही लोकांनी बोट बायकांकडंच दाखवलं. आमच्या रजिस्टरात आता 'जोडीदाराची तपासणी' असा वेगळा रकाना आहे. माझ्या मते या सगळ्या कारभारात सुचलेली ही सर्वांत शहाणी गोष्ट. फक्त तो भरत नाही. नवरे येतच नाहीत.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं संमती आणि गुप्तता ही आमची जबाबदारी केली. सिफिलिसलाही आम्ही तोच नियम पाळतो. सासूला काही सांगितलं नाही. मुलीला विचारून तिच्या नवऱ्याला फोन केला, "दादा, बायकोच्या औषधासाठी तुमचंही रक्त तपासायला लागतंय." तो यंत्रमागावर, दिवसपाळीला. येणार नाही असंच धरून मी कपाट लावत होते, तर पाच वाजता दारात उभा. केसांत कापसाची धूळ.

त्याचीही रिॲक्टिव्ह आली. बराच वेळ गप्प राहून बोलला. लग्नाआधी हैदराबाद लाईनच्या ट्रकवर क्लीनर होता. जखम झाली होती, दुखत नव्हती. एसटी स्टँडजवळ भिंतीवर 'गुप्तरोग' असं रंगवलेल्या एकाकडं गेला, त्यानं गोळ्या दिल्या. जखम भरली. ती आपोआपही भरते, आणि रोग आत तसाच राहतो. हाच या रोगाचा सगळ्यात मोठा दगा.

मग त्यानं विचारलं, "पहिलं पोर यानंच गेलं का?"

"असू शकतं," मी म्हणाले. याहून कमी सांगणं खोटं झालं असतं.

तो उठला. "अम्माला आत बोलवा. मी सांगतो." मी मुलीकडं बघितलं. तिनं मान हलवली. तेलुगूत तो काय बोलला ते सगळं मला कळलं नाही, पण 'नेनू', म्हणजे मी, हा शब्द तीन-चारदा आला.

उपचार साधा आहे. १९४३ साली अमेरिकन डॉक्टर जॉन महोनींनी पेनिसिलिननं सिफिलिस बरा केला, आणि तो जंतू अजूनही त्या औषधाला सरावलेला नाही. २४ लाख युनिटचं बेंझाथिन पेनिसिलिन, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांत, आठवड्याला एकदा, तीन आठवडे. रिॲक्शनच्या भीतीनं काही ठिकाणी हे इंजेक्शन टाळतात. आमच्या सिस्टर रिॲक्शनवरचं औषध, ॲड्रिनॅलिन, हाताशी ठेवून इंजेक्शन देतात, टाळत नाहीत. तिन्ही मंगळवारी दोघं बरोबर आले. खाडा पडला की रोज बुडतो, तरी आला. रकाना मी निळ्या शाईनं भरला.

तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी सासू मागं थांबली. दोन वर्षं सुनेला बोलत आलेली बाई. म्हणाली, "तवाच कुणी बोट टोचलं असतं, तर ते पोर राहिलं असतं का हो?"

"बहुतेक राहिलं असतं, मावशी."

ती भिंतीला टेकून खाली बसली. सून परत येऊन तिच्या शेजारी बसली, आणि त्या दिवशी दोघींचा माल कारखान्यात उशिरा गेला.