खिशात दोनशे रुपये आणि नाटक बघायचंय

स्वस्तात नाटक बघायचं असेल तर आधी नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण याच दिवसांत होते. या स्पर्धेची साठी कधीच उलटून गेली, तरी कॉलेजमधल्या निम्म्या पोरांना ती आपल्या शहरात होते हेच माहीत नसतं. आपल्याकडे मराठवाड्यात संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर अशी केंद्रं असतात. प्रवेशिका किती आल्या त्यावर त्या वर्षीचं केंद्र ठरतं. रोज एक पूर्ण लांबीचं नाटक, दोन अंकी, दोन-अडीच तासांचं. तिकीट वर्षानुवर्षं दहा-पंधरा रुपयांच्या घरात राहिलंय. दर थोडा वाढला तरी कटिंग चहा आणि भज्यांच्या पुढे जात नाही.

दहा-पंधरा दिवसांत दहा-पंधरा नाटकं, म्हणजे सगळी बघितली तरी दौऱ्यावरच्या एका नाटकाच्या पुढच्या रांगेतल्या तिकिटाहून कमी पैसे जातात. अर्थात सगळीच चांगली नसतात. काही संघांची तालीम अर्धवट असते, काहींचा विषय भारी आणि नट हलके. त्यामुळे वेळापत्रक हातात आलं की आधी संघांची नावं बघा आणि गेल्या वर्षी आपल्या केंद्रावर पहिले तीन कोण आले होते ते शोधा. निकाल वर्तमानपत्रांत छापून येतात, थोडं मागे जाऊन चाळले की सापडतात. ते संघ यंदा असतील तर त्यांचे दिवस आधी पक्के करा. बाकीच्या दिवसांत नवीन संहिता असलेलं नाटक निवडा. मुंबईत कधीच न लागणारी नाटकं इथंच बघायला मिळतात. त्या-त्या दिवशीचं नाटक, संघ आणि वेळ स्थानिक पुरवणीत ‘आजचे कार्यक्रम’मध्ये येते.

दोन गोष्टी सांभाळा. स्पर्धेचं नाटक वेळेवर सुरू होतं. व्यावसायिक प्रयोगासारखी वीस मिनिटांची ढील इथं धरायची नाही. सातची वेळ असेल तर पावणेसातला आत बसा. आणि परीक्षकांची टेबलं जिथं लावलेली असतात त्याच्या लगतच्या खुर्च्यांवर बसू नका. जागा छान दिसते, पण तुम्ही कुजबुजलात किंवा मोबाईल उजळला की हमखास उठवतात.

पूर्ण नाटकाएवढा दम नसेल तर एकांकिका. पुरुषोत्तम करंडक, लोकांकिका अशा स्पर्धांच्या मराठवाड्यातल्या फेऱ्या संभाजीनगरला होतात. सकाळी बसलात तर संध्याकाळपर्यंत आठ-नऊ एकांकिका होतात, प्रवेश मोफत किंवा नाममात्र. त्याशिवाय दोन्ही विद्यापीठांचे युवक महोत्सव असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा महोत्सव यांत एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, लोकनाट्य सगळं फुकट बघायला मिळतं. तिथं एकच अडचण, मंडपातला आवाज. शेजारच्या मंचावर लावणी किंवा पोवाडा चालू असेल तर मागे बसून संवाद कळत नाहीत. म्हणून पहिल्या पाच-सहा रांगा धरायच्या, नाहीतर सरळ सकाळचं सत्र गाठायचं, तेव्हा गर्दी कमी असते.

विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे आणि कॉलेजांच्या नाट्य विभागांचे निर्मिती-प्रयोगही असेच. विद्यार्थ्यांना दिग्दर्शनाच्या पेपरसाठी नाटक बसवावं लागतं आणि प्रयोगाला प्रेक्षक लागतात. जाहिरात फार होत नाही. विभागाच्या सूचना फलकावर एक कागद आणि व्हॉट्सॲपवर एक पोस्टर, बास. त्या विभागातला एक मित्र जोडून ठेवा. सत्र संपत आलं की त्याला विचारायचं, ‘तुमचे प्रयोग कधी?’ दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था संभाजीनगरातूनच उभी राहिली, तेव्हा विद्यार्थ्यांचं नाटक म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन आणि २७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन, या दोन तारखांना स्थानिक संस्था आणि नाट्य परिषदेच्या शाखा काही ना काही करतात, तेही बहुतेक मोफत.

आता दौऱ्यावर येणारं व्यावसायिक नाटक. मुंबई ते संभाजीनगर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेड त्याच्या पुढे अजून अडीचशे. कलाकारांची बस, नेपथ्याचा टेम्पो, वीस-पंचवीस माणसांचं जेवण आणि मुक्काम, नाट्यगृहाचं भाडं, हे सगळं तिकिटातून निघायचं असतं. खर्च वाटला जावा म्हणून प्रयोग जोडून लावतात: आज संभाजीनगर, उद्या जालना, परवा परभणी किंवा नांदेड. तरी पुढच्या रांगांचं तिकीट बऱ्याचदा पाचशेला भिडतं. पाचशेच का, तर नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे. त्याच्या वर गेलं की अठरा टक्के लागतात. मागच्या रांगा आणि बाल्कनी दोनशे-तीनशेला असते. विद्यार्थी म्हणून आपलं राज्य तिथंच.

सवलत द्यायची ताकद कुणाच्या हातात असते हे समजलं की अर्धं काम होतं. दौऱ्यावरचा प्रयोग बहुधा स्थानिक संयोजकानं ठोक रकमेला घेतलेला असतो. नाटक कंपनीला तिचे पैसे मिळणारच असतात. खुर्ची रिकामी राहिली तर नुकसान संयोजकाचं. त्यामुळे कंपनीच्या फेसबुक पानावर ‘स्टुडंट डिस्काउंट आहे का?’ विचारून उपयोग नाही, खिडकीवरच्या माणसालाही अधिकार नसतो, आणि ॲपला तर काहीच विचारता येत नाही. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात संयोजकाचा नंबर असतो. तोच लावायचा.

कधी लावायचा यालाही महत्त्व आहे. बुकिंगचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, उघडला त्या दिवशी संयोजकाला हाऊसफुल्लची स्वप्नं पडत असतात, तेव्हा ‘बघू’ एवढंच उत्तर येतं. प्रयोगाच्या तीन-चार दिवस आधी त्याला प्लॅनवरच्या रिकाम्या खुर्च्या दिसायला लागतात. त्या वेळी वीस-पंचवीस विद्यार्थी एकदम येतोय म्हटलं की तो ऐकतो. प्रयोग मंगळवार ते गुरुवार असेल तर जास्त ऐकतो. शनिवार-रविवारी आणि मालिकेतला चेहरा असलेल्या नाटकाला प्रयत्न सोडून द्या, उगीच शब्द वाया जातो.

फोनआधी असा मेसेज टाकला तर बोलणं सोपं जातं:

‘नमस्कार दादा. आम्ही … कॉलेजचे २२ विद्यार्थी गुरुवारच्या प्रयोगाला यायचं म्हणतोय. बाल्कनी किंवा मागच्या रांगा चालतील. सगळ्यांचे पैसे एकत्र, आजच यूपीआयनं पाठवतो. विद्यार्थी दर काही करता येईल का? ओळखपत्रं सोबत असतील. सांस्कृतिक विभागाचं पत्र हवं असेल तर आणतो.’

यात चार गोष्टी त्याच्या फायद्याच्या आहेत: आकडा पक्का, जागा मागची, पैसे आज, आणि वसुलीची कटकट नाही. ‘किती कमी कराल?’ असं मोघम विचारण्यापेक्षा तुमचा आकडा तुम्हीच सांगा. तीनशेचं तिकीट दोनशेला मागितलं तर सव्वादोनशे-अडीचशेला जमू शकतं. शंभरला मागितलं तर फोन ठेवला जातो.

असं जमवलेलं फिसकटतं ते बहुतेक आपल्याच बाजूनं. ग्रुपवर बावीस जण अंगठे दाखवतात, पैसे द्यायच्या वेळी चौदा उरतात आणि बाकीच्या आठांचे पैसे ज्यानं पुढाकार घेतला त्याच्या खिशातून जातात. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी पैसे गोळा, मग संयोजकाला आकडा. सवलतीच्या तिकिटाचे पैसे परत होत नाहीत हेही सगळ्यांना आधीच सांगून टाका. ज्याला ऐनवेळी जमलं नाही त्यानं आपल्या जागी माणूस शोधायचा.

एकटे-दुकटे असाल तर गट होत नाही. तेव्हा निदान ॲपचं शुल्क तरी वाचवा. बुकमायशो किंवा तिकिटालयवर प्लॅन बघायचा, रांग आणि नंबर ठरवायचा आणि तिकीट नाट्यगृहाच्या खिडकीवर काढायचं. ॲपचं जादा शुल्क शेवटच्या पानावर दिसतं, चार तिकिटांवर ते बऱ्यापैकी होतं. मात्र आधी तपासा की खिडकीवर सगळ्या जागा आहेत का. काही संयोजक ठरावीक रांगा फक्त ऑनलाइन ठेवतात. ॲपमध्ये शहर सापडत नसेल तर जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी शोधा. बीड, जालना, धाराशिवसारख्या ठिकाणी तिकिटं अजूनही एखाद्या पुस्तकाच्या नाहीतर मिठाईच्या दुकानात ठेवलेली असतात. तिथं प्लॅन कागदी असतो आणि त्यावर पेनानं फुल्या. फुली कुणासाठी मारली आणि पैसे कुणी दिले याचा घोळ होतो, तेव्हा तिकिटावर रांग, नंबर आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

स्वस्त तिकिटातही जागा निवडता येते. बाल्कनीची पहिली रांग ही सगळ्यांत फायद्याची: अख्खा रंगमंच दिसतो, हालचालींचा नकाशा कळतो, फक्त चेहरे लहान. बाल्कनीखालच्या शेवटच्या दोन-तीन रांगा टाळा. वरच्या छतामुळे आवाज दबतो आणि पडक्या आवाजातले शब्द निसटतात. अगदी कडेच्या खुर्च्या पडल्या तर नेपथ्याची एक बाजू दिसत नाही, आणि दिवाणखान्याच्या नाटकात नेमका महत्त्वाचा दरवाजा तिकडंच असतो. पहिली रांग फुकट मिळाली तरी घेऊ नये असं आमचं मत. नटांचे पाय दिसत नाहीत आणि मान दुखते ती वेगळीच.

पुढच्या दोन-तीन रांगा मान्यवरांच्या पासांसाठी राखलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या राहतात. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात पुढं सरकायचा मोह होतो. करू नका, उशिरा आलेले साहेब टॉर्च घेऊन शोधत येतात आणि अख्ख्या रांगेचा रसभंग होतो. मध्यंतरात डोअरकीपर काकांना सरळ विचारा. एवढा वेळ रिकामी असलेली खुर्ची ते बहुतेक देतात.

पैसे अजिबात नसतील तर स्वयंसेवक व्हा. तिकीट तपासणे, जागा दाखवणे, मध्यंतरात दारं सांभाळणे, अशा कामांना संयोजकाला आठ-दहा पोरं लागतात. पहिली पंधरा मिनिटं बुडतात, उरलेलं नाटक मागं उभं राहून बघता येतं. नेपथ्य उतरवायला-चढवायला गेलात तर घाम जास्त, पण रंगमंचाची मागची बाजू समजते. कामाला लागण्याआधी विचारून घ्या की प्रयोग बघू देणार का. काही ठिकाणी स्वयंसेवकांना पूर्ण वेळ फाटकावरच उभं करतात.

शेवटच्या दिवशी ‘एक तिकीट जादा आहे’ असे मेसेज ग्रुपवर फिरतात. ऑनलाइन तिकिटाचा क्यूआर कोड एकदाच स्कॅन होतो, आणि तोच स्क्रीनशॉट तिघांना विकलेला असू शकतो; जो आधी पोचेल तो आत. ओळखीचा माणूस असेल तरच घ्या आणि शक्यतो त्याच्याबरोबरच आत जा. प्रयोग रद्द झाला तर ऑनलाइनचे पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्यालाच परत येतात, म्हणजे तुम्हाला त्या माणसाच्या मागे लागावं लागणार. खिडकीवरचं तिकीट मात्र फाडून टाकू नका. परतावा ते दाखवूनच मिळतो.

संभाजीनगरात नवीन आलेल्यांनी नाट्यगृहाचं नाव नीट वाचावं. संत एकनाथ रंगमंदिर उस्मानपुऱ्यात, संत तुकाराम नाट्यगृह सिडकोत. दोन्ही संतांच्या नावाची, म्हणून गल्लत होते आणि ऐन पहिल्या प्रवेशात रिक्षात बसलेले असता.

तिकिटापेक्षा परतीचा प्रवास महाग पडू शकतो. रात्री साडेनऊचा प्रयोग संपायला बारा वाजतात, तोवर शहर बस बंद आणि रिक्षावाला म्हणेल तो दर. जालन्याहून किंवा पैठणहून येणाऱ्यांनी दुपारचा किंवा संध्याकाळी पाचचा प्रयोग असेल तरच संभाजीनगर गाठावं, नाहीतर तोच दौरा आपल्या गावी कधी येतोय ते बघावं. जालन्याला फुलंब्रीकर नाट्यगृह आहेच. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गावर चालतो, नाटकाला जाताना तो दाखवून वाद घालू नका. मुलींना मात्र एसटीत सरसकट अर्धं तिकीट आहे. चौघं मिळून एक रिक्षा आधीच ठरवली, काकांचा नंबर घेऊन ठेवला, तर मध्यंतरात फोन करून वेळ सांगता येते.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी रेक्टरांकडे अर्ज आदल्या दिवशीच द्यावा. अर्जात नाट्यगृहाचं नाव, सुटण्याची अंदाजे वेळ आणि सोबतच्या मुलामुलींची नावं लिहा, तिकिटाची झेरॉक्स जोडा. सुटण्याची वेळ साडेअकरा लिहायची, बारा नाही. आणि मग साडेअकराला फोन करून ‘अजून शेवटचा प्रवेश चालू आहे’ म्हणून कळवायचं.