नऊ गुंठे कुठून आले?

"अण्णा, आपलं मळ्यातलं रान किती?"

"दोन एकर. का गं?"

"माझ्याकडं दोन एकर नऊ गुंठे येतंय."

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. अण्णांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली. शिरूर तालुक्यातल्या कितीतरी बांधांवर ते उन्हातान्हात उभे राहिलेत. मग आवाज आला, "नऊ गुंठे कुठून आले?"

एन्स्केडेला येऊन मला तेव्हा तीन आठवडे झाले होते. हे नेदरलँड्सच्या पूर्व टोकाचं, जर्मनीच्या सीमेला खेटून असलेलं शहर. इथली आयटीसी ही संस्था जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून त्यांतून मोजमापं काढणं, आणि सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहातून किंवा विमानातून जमीन पाहणं, शिकवते. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाचे पहिले पंतप्रधान झालेले विलेम स्खेरमरहॉर्न मूळचे भूमापनाचे प्राध्यापक. त्यांनी १९५० मध्ये डेल्फ्टला ती सुरू केली आणि १९७१ मध्ये ती इथं आली. डेहराडूनला १९६६ मध्ये हवाई छायाचित्रं वाचायला शिकवणारी जी संस्था निघाली, ती हिच्याच धर्तीवर, डच सरकारच्या मदतीनं. आज आपण तिला भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणतो. म्हणजे आपल्याकडच्या माणसांची ही वाट जुनी आहे.

पहिला सराव असा होता: आपल्या ओळखीच्या जागेचा नकाशा करा. मी मळा घेतला. उपग्रहाच्या चित्रावर बांधाबांधानं रेघ ओढली, विहीर टाकली, क्षेत्रफळ काढलं. काम सुबक झालं होतं. फक्त आकडा चुकीचा होता.

नऊ गुंठ्यांचं उत्तर मिळायला दोन दिवस गेले. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर आणायची तर ती कुठंतरी ताणावी लागते. मोबाईलवर आपण रोज बघतो त्या बहुतेक नकाशांत वेब मर्केटर नावाचं प्रक्षेपण, म्हणजे पृथ्वी सपाट करायची एक रीत, असते. त्यात चौकातले रस्ते काटकोनात असतील तर काटकोनातच दिसतात, म्हणून रस्ता शोधायला ते उत्तम. पण विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकी जमीन त्यात फुगते. शिरूरला, म्हणजे सुमारे १८.८ अंश उत्तरेला, क्षेत्रफळ जवळपास १२ टक्क्यांनी वाढतं. ८० गुंठ्यांचे ८९ होतात. एन्स्केडेला, ५२ अंशांवर, तोच दोन एकराचा तुकडा पाच एकरांच्या वर जातो. मी रेघ बरोबर ओढली होती, पण मापाची पट्टीच ताणलेली होती.

अण्णांना हे सांगितलं. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. "म्हणजे साखळी तपासली नव्हतीस," ते म्हणाले. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. साखळीला साखळी गुणली की एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी जमीन पाहणी केली, तिच्या पद्धतीवर पुढं सगळा मुंबई इलाखा मोजला गेला. साखळी लोखंडाची. ओढून ओढून कड्या लांबतात, म्हणून काम सुरू करण्याआधी ती प्रमाण मापाशी ताडून घ्यायची असते. लांबलेल्या साखळीनं मोजलं तर जमीन कमी भरते. माझ्याकडं उलट होतं, जमीनच ताणली गेली होती. प्रश्न मात्र एकच.

इथं येण्याआधी मला वाटायचं, जीआयएस शिकणं म्हणजे सॉफ्टवेअर शिकणं. कुठलं बटण कुठं आहे, हे कळलं की झालं. बटणं खरोखर आठवड्याभरात येतात. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, तुम्ही जुन्नरला किंवा लातूरला बसून आज उतरवून घेऊ शकता. वेळ लागतो तो एक सवय लागायला: समोर आलेल्या प्रत्येक आकड्याला विचारायचं, बाबा रे, तू कुठून मोजलायस?

दुसरी चूक महिनाभरानं केली. गावातल्या विहिरींची यादी होती, अक्षांश आणि रेखांश दोन्ही रकान्यांत व्यवस्थित. नकाशावर टाकली आणि एकही विहीर महाराष्ट्रात दिसेना. सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या छोट्या बेटाजवळ गोळा झाले होते. कारण साधं आहे. बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. सॉफ्टवेअरला आधी आडवा आकडा लागतो, म्हणजे रेखांश. माझे रकाने उलटे गेले. शिरूर १८.८ उत्तर, ७४.४ पूर्व. उलटं केलं की ७४.४ उत्तर, १८.८ पूर्व, आणि तिथं खरोखर ते बेट आहे. त्या बेटाचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. आता ते विसरणं शक्य नाही.

या चुकीमुळे मी डच लोकांच्या एका कामाच्या प्रेमात पडले. त्यांची स्वतःची राष्ट्रीय निर्देशांक पद्धत आहे, म्हणजे कुठलीही जागा दोन आकड्यांत सांगायची पद्धत, मीटरमध्ये. तिचा मध्यबिंदू आमर्सफोर्ट गावातला एक उंच चर्च-मनोरा. पूर्वी या मनोऱ्याला शून्य-शून्य धरत. मग पश्चिमेची आणि दक्षिणेची गावं उणे आकड्यांत जायची. १९७० च्या दशकात त्यांनी आकडे सरकवले: मनोरा झाला पूर्वेकडं १,५५,००० आणि उत्तरेकडं ४,६३,०००. आता देशात कुठंही उभं राहा, दोन्ही आकडे अधिक. आणि खरी कमाल पुढं आहे. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा नेहमी लहानच येतो. रकाने उलटले तर नकाशा न उघडताही नुसत्या नजरेला कळतं. माणसाच्या हातून काय चुकणार आहे ते आधीच ओळखून कुणीतरी शांतपणे ही सोय करून ठेवली. मला हे फार मोठं वाटतं.

एका रविवारी मी आगगाडीनं आमर्सफोर्टला गेले. मनोरा जवळपास ९८ मीटर उंच आहे आणि चौकात एकटाच उभा आहे. त्याला लागून असलेलं चर्च १७८७ मध्ये तिथं साठवलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात गेलं. त्या चर्चच्या भिंती कुठं होत्या ते चौकातल्या फरसबंदीत दाखवलंय. मी त्या रेघेवरून चालत एक चक्कर मारली. इमारत नाही, पण तिची हद्द आहे. मला तीन गावांच्या शिवेवरचा तो दगड आठवला, ज्याला अण्णा मोजणीआधी हात लावत.

आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. क्षेत्रफळ किंवा अंतर काढायचं असेल तर अंशांत काढू नका. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, शिरूरला १०५ च्या आसपास, आणि इथं एन्स्केडेला जेमतेम ६८. अंश ही लांबी नव्हे, तो कोन आहे. मीटरमध्ये मोजायला यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेत, सहा-सहा अंशांचे. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर ४३ व्या पट्ट्यात येतात. पण ७८ अंश पूर्वेला पट्टा बदलतो, म्हणून नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ व्यात. विदर्भाचं काम करताना हे विसरलात तर बेरजा जुळणार नाहीत. पृथ्वीचा आकार नेमका कसा धरायचा, याचेही वेगवेगळे ठोकताळे आहेत: जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे भूभागाचे तपशीलवार नकाशे, एव्हरेस्टच्या लंबगोलावर बेतलेले आहेत, उपग्रहाचं चित्र डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या लंबगोलावर. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर रस्ता रस्त्यावर बसत नाही, शेजारच्या शेतात जातो. आणि शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या रेघा-ठिपक्यांची फाइल, कुणाला पाठवाल तेव्हा सोबतची पीआरजे फाइलही पाठवा. आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत ते तिच्यातच लिहिलेलं असतं. ती नसेल तर समोरचा अंधारात चाचपडतो.

इथं जमिनीची उंची देशभर विमानातून लेझरनं मोजलेली आहे. अर्ध्या मीटरच्या चौकडीत, कुणालाही फुकट. एखाद्या शेतातला चर, बांधाचा उंचवटा घरबसल्या दिसतो. ज्या देशाची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्याला उंची माहीत असणं जगण्यामरण्याचं आहे, हे खरं. तरी ती माहिती पहिल्यांदा उतरवून घेतली तेव्हा माझा घसा दाटला. आपल्याकडंही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे बरेच निर्बंध उठले. स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले, पिढ्यान्‌पिढ्या नकाशावर नसलेली घरं नकाशावर आली. मला हेच काम करायचंय, आणि आपल्याकडंच करायचंय.

सध्या अण्णा आणि मी मिळून एक काम करतोय. आमच्या गावाचा जुना गाव नकाशा त्यांनी स्कॅन करून पाठवलाय. तो खऱ्या जागेवर बसवायचा तर नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडं ओळखू येतील असे बिंदू लागतात. अण्णा मोबाईल घेऊन शिवारात जातात आणि मला लोकेशन पाठवतात. मी त्यांना सांगितलं, मोबाईलची जागा उघड्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडंतिकडं असू शकते.

"पाच मीटर म्हणजे अर्धी साखळी," ते म्हणाले. "अर्ध्या साखळीपायी कोर्टात दोन पिढ्या जातात, बाळा."

म्हणून आता ते एका जागी अर्धा तास उभे राहतात. दर पाच मिनिटांनी एकेक आकडा वहीत लिहून घेतात, वहीचा फोटो पाठवतात, आणि मी त्यांची सरासरी काढते. मारुतीच्या देवळाचा कोपरा मिळाला. दगडी बारव मिळाली. ओढ्याच्या संगमापाशी आता बंधारा झालाय, तो बिंदू सोडून दिला. शिवेवरचा दगड बाभळीत बुजलाय. परवा कोयता घेऊन जाणार आहेत.