हळदीतली घूंऽऽ

हळदीच्या कार्यक्रमात गाणी लावली की स्पीकरमधून घूंऽऽ येते. लॅपटॉपचा चार्जर उपसल्यावर ती थांबली, तर बहुतेक अर्थिंगचा लूप, म्हणजे दोन अर्थिंग केबलने जोडली जाऊन झालेलं वेटोळं. मालवणकडच्या हळदींना हे ठरलेलंच: आवाजाचा मिक्सर ओटीवरच्या सॉकेटवर, स्पीकर मांडवामागच्या जनरेटरवर. दोन अर्थिंग, त्यांना जोडणारी ऑडिओ केबलची शिल्ड (तारांभोवतीची धातूची जाळी), की ५० हर्ट्झची घरघर सुरू. मी सगळं एकाच बोर्डावरून घेतो. तरी राहिलीच, तर लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आवाज पुढे देणारी पण तारांचा थेट जोड तोडणारी डबी. स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड एक्सएलआर, म्हणजे वाटेत शिरलेली घरघर कापणारी तीन पिनांची केबल.

एखादे काका पक्कड घेऊन येतातच. "तिसरी पिन काढून टाक रे झिला!" नाय हां काका. सारवलेलं ओलं खळं, लोखंडी खांब, अनवाणी पोरं. ती प्लगची अर्थिंगची पिन, शॉकपासून जीव वाचवण्यासाठी आहे.

चरचर मात्र वेगळी. ती बहुधा खाऱ्या हवेने गंजलेल्या जॅकची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, जॅक चार वेळा आतबाहेर करायचा, झालं.