टेप बंद, तरी अँप जागा

गाडी रोज फिरत असेल तर काही नाही. पण शनिवारी रात्री उभी केली की सोमवारी सकाळी सेल मारल्यावर नुसतं कट-कट-कट. कधी तेवढंही नाही, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायचे आणि गप्प. मग सोसायटीतल्या कोणाला तरी गाडी शेजारी आणायला सांगायचं, जंपर लावायचा. एकदा चालू झाली की आठवडाभर तक्रार नाही. पेट्रोल हॅचबॅक, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, तीही फार जुनी नाही.

बॅटरीवाला भला माणूस निघाला. नवी गळ्यात मारू शकला असता, पण त्याने टर्मिनल घासून साफ केले, बॅटरी रात्रभर हळूहळू चार्ज केली आणि लोड टेस्ट लावली. म्हणाला, ‘बॅटरीला काही झालेलं नाही. गाडीत कुठेतरी करंट खातंय काहीतरी.’ इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मोजलं तर १४.२ व्होल्ट, म्हणजे आल्टरनेटरही त्याचं काम नीट करत होता. भरणारा व्यवस्थित, साठवणारी व्यवस्थित. मग गळती कुठे?

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, एक मल्टिमीटर आणला. घेताना एकच गोष्ट बघितली: १० अँपिअर डीसी मोजायचं वेगळं भोक आहे का. स्वस्तातल्या काही मीटरमध्ये ते नसतं, आणि मग या कामाला ते मीटर निरुपयोगी.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. चावी काढून खिशात. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि केबल व टर्मिनल यांच्या मधे मीटर घालायचं. गाडी जे काही खाते ते आता मीटरमधून जातं. लावल्या लावल्या आकडा एकदम वर गेला, कारण खंडित झालेला पुरवठा परत मिळाला की गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स जागी होतात. त्यांना झोपू द्यावं लागतं. दार उघडं ठेवायचं होतं, म्हणून दाराच्या खांबावरचं रबरी बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, नाहीतर आतला दिवाच मोजला गेला असता. आणि मीटर असं लावलेलं असताना चुकूनही सेल मारायचा नाही. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथेच जातो.

अर्ध्या तासाने आकडा स्थिरावला: ०.९४ अँपिअर.

घड्याळ, इमोबिलायझर, इंजिनचा कंट्रोलर यांना मिळून साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत लागतात. इथे त्याच्या जवळजवळ वीसपट. शनिवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ म्हणजे ३६ तास. गुणाकार केला तर सुमारे ३४ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ची. हिशेब इतका चपखल बसला की मला बरंच वाटलं. निदान भूताटकी नव्हती. शिवाय सेल न लागायला बॅटरी पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२च्या खाली गेली की स्टार्टर कुरकुरायला लागतो.

आमच्या भागातले वायरिंगवाले काका रविवारी आले. त्यांनी नेहमीची रीत धरली: मीटरवर नजर ठेवून फ्यूज एकेक काढायचा आणि परत घालायचा. हॉर्न, काहीच फरक नाही. वायपर, नाही. १५ अँपिअरचा रेडिओचा फ्यूज काढला आणि मीटर धाडकन ०.०३ वर.

‘टेप आहे साहेब,’ काका म्हणाले. ‘हे अँड्रॉइडवाले झोपतच नाहीत. बदलून टाका.’

टेप म्हणजे डॅशबोर्डमधला गाण्यांचा स्टिरिओ. तो वर्षभरापूर्वीच बसवला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. असे टेप खरोखर असतात; चावी काढल्यावर पडदा काळा होतो, पण आतला संगणक चालूच राहतो. पण बदलण्याआधी एक गोष्ट करून बघायची होती, कारण ती फुकट होती. रेडिओचा फ्यूज परत घातला, टेपभोवतीची प्लास्टिकची फ्रेम काढली, टेप पुढे ओढला आणि त्याच्या मागचा कपलरच उपटला. आता टेपला वीजच नाही.

मीटरवर ०.९४.

टेप निर्दोष. काका मीटरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. फ्यूज काढला की गळती थांबते, पण त्या फ्यूजवर चालणारा टेप काढला तर थांबत नाही. याचा अर्थ त्या फ्यूजवर आणखी कोणीतरी आहे.

टेपच्या आवाजाला जोर देणारा अँप, म्हणजे अँप्लिफायर, पुढच्या डाव्या सीटखाली आहे. मी हात घालून त्याच्या पत्र्याला लावला. गाडी कालपासून सावलीत उभी, आणि पत्रा कोमट. खाली वाकून बघितलं तर कार्पेटच्या कडेला दडलेला निळा दिवा जळत होता. गाणं न वाजवता नुसता जागा असलेला अँपसुद्धा अर्धा ते दीड अँपिअर सहज ओढतो. १२ व्होल्टला ०.९ म्हणजे अकरा वॅटच्या आसपास, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन त्या पत्र्यात उतरते. कोमटपणा तिथून आलेला.

इथे अँपच्या वायरिंगबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. अँपला विजेचे तीन जोड असतात. जाड लाल वायर, थेट बॅटरीवरून, कायम चालू. जाड काळी, गाडीच्या पत्र्याला अर्थ. आणि तिसरी एक बारीक, जिच्या भोकावर आरईएम असं छापलेलं असतं. ती रिमोट. तिच्यातून नगण्य करंट जातो. ती फक्त हुकूम देते. टेप चालू झाला की तो निळ्या-पांढऱ्या वायरीवर १२ व्होल्ट सोडतो, अँप उठतो. टेप बंद, व्होल्ट शून्य, अँप झोपतो. खायची वाट वेगळी, उठवायची वाट वेगळी. म्हणून तर फ्यूजने चकवलं: रेडिओचा फ्यूज काढल्यावर हुकूम थांबला आणि अँप झोपला, पण करंट त्या फ्यूजमधून कधी जातच नव्हता. तो जाड लाल वायरीने थेट जात होता.

स्क्रू सैल करून आरईएमची वायर अँपमधून काढली. निळा दिवा गेला, मीटर ०.०३. निगेटिव्ह केबल परत बॅटरीला लावली आणि मीटर व्होल्टवर घेतलं (आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घातला, हे विसरून बॅटरीला टेकवलं की सरळ शॉर्ट). सुट्या वायरीचं टोक आणि पत्रा: १२.३ व्होल्ट. चावी माझ्या खिशात.

त्या वायरीचा माग काढत टेपच्या मागे गेलो. तिथे काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा. पट्टी उन्हाने वितळून चिकट झालेली, बोटांना लागत होती. सोडवल्यावर दिसलं की रिमोटची वायर पिवळ्या वायरीला पीळ मारून जोडली आहे. पिवळी म्हणजे कायमचा १२ व्होल्ट, टेपची मेमरी जपणारी. शेजारीच निळी-पांढरी वायर, टोक न सोललेलं, तशीच लोंबत. नवीन टेप बसवणाऱ्याला रिमोट कुठे द्यायचा ते समजलं नाही किंवा शोधायचा कंटाळा आला, दोन्हीपैकी एक. पिवळीला जोडलं की अँप चालू होतो, गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. दुकानात उभं राहून ही चूक कोणालाच दिसणार नाही.

काका म्हणाले टेपच्या मागच्या बारीक लाल वायरीला जोडू, चावीवर चालेल. चालतं तेही, गळती थांबते. पण मग टेप बंद ठेवून नुसती गाडी चालवली तरी अँप जागाच राहतो. निळी-पांढरी तपासली: टेप चालू असताना १२च्या जवळ, बंद केल्यावर काही सेकंदांनी शून्य. तिलाच जोडली, पीळ न मारता सोल्डर करून, वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी.

खरा घाम फुटला तो यानंतर, बॅटरीपाशी. जाड लाल वायर सुरुवातीपासून बघू म्हटलं, तर बॅटरीला कसलेल्या टोकापासून (थिंबलपासून) अँपपर्यंत मधे फ्यूजच नाही. अँपच्या अंगावर २०-२० चे दोन फ्यूज आहेत, पण ते अँपला वाचवतात. बॅटरीपासून तिथवरची सगळी वायर उघडीच. आणि ती वायर इंजिनच्या मागच्या पत्र्यातल्या एका भोकातून आत आलेली, भोकाला रबर नाही. पत्र्याची धार लागून वरचं लाल आवरण बोटभर सोलवटलं होतं. आत तांब्याची चकाकी दिसेपर्यंत अजून थोडा काळ गेला असता इतकंच. मग ती वायर पत्र्याला टेकली असती, आणि बॅटरीला थांबवणारं मधे कोणी नव्हतं. बॅटरी उतरणं हा त्यापुढे किरकोळ त्रास. गाड्यांमध्ये बाहेरून बसवलेल्या सामानामुळे आगी लागतात त्या अशाच.

ती वायर पूर्ण काढून टाकली. आठ गेजची, खऱ्या तांब्याची नवीन घातली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर खूप मिळते, वरचं प्लास्टिकच इतकं जाड की आतला बारीक दोर कळत नाही. टोक चाकूने खरवडलं की पांढरं दिसतं. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, भोकाला रबर, आतून पन्हळी नळी. अर्थची वायर सीटच्या बोल्टवर रंगावरच कसलेली होती. रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला आणि परत कसली. आधी मोठ्या आवाजात बॅटरीची निगेटिव्ह आणि अँपचा अर्थ यांच्यात ०.७ व्होल्ट दिसायचे, आता ०.१. बासही जरा घट्ट झाला, किंवा खर्च केल्यामुळे तसा वाटला.

आता उभ्या गाडीचा आकडा ०.०३वर राहतो. या हिशेबाने बॅटरी निम्मी व्हायला तीन आठवडे लागावेत. दिवाळीत गाडी पार्किंगमध्ये ठेवून गावाला गेलो होतो. आल्यावर पहिल्या सेललाच चालू झाली. पूर्ण उतरण्याचे इतके झटके खाल्ल्यावर बॅटरीची ताकद थोडी गेलेलीच असणार, लेड-अ‍ॅसिड बॅटरीला ते सोसत नाही. बॅटरीवाल्याने परत लोड लावला तेव्हा काटा ९.८ व्होल्टवर थांबला, ९.६च्या खाली आला असता तर बदलायला सांगणार होता. म्हणाला, पावसाळा काढेल.