सतरा बाइटांचा आंबा

ऐन एप्रिलात लॅपटॉपची डिस्क भरली. देवगडात त्या दिवसांत जेवायला बसायची फुरसत नसते, आणि बिलांचा प्रोग्राम ‘जागा नाही’ म्हणून अडून बसलेला. पाच हंगामांच्या पावत्या, पेट्यांचे फोटो, सगळं ‘हिशेब’मधल्या ‘आंबा’ फोल्डरात. तो उचलून बाहेरच्या डिस्कवर नेला, तर प्रोग्राम आपला जुन्याच जागी शोधतोय.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. म्हणाला, जुन्या जागी सिंबॉलिक लिंक ठेवा, म्हणजे खऱ्या फोल्डरचा पत्ता सांगणारी पाटी. हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव, चालणार नाही. ती दुसऱ्या डिस्कवर पोचत नाही आणि लिनक्स, म्हणजे माझ्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम, फोल्डरची करूच देत नाही. कमांड सोपी: एलएन, पुढे एस, मग खरा पत्ता, मग लिंकची जागा.

कमांड देताना मी बाहेरच्या डिस्कच्या फोल्डरात उभा. आंबा समोरच दिसतोय, म्हणून पत्ता म्हणून नुसतं ‘आंबा’ लिहिलं. लिंक झाली, कुरकुर नाही. उघडायला गेलो तर तक्रार: लिंकचे थर फार झाले! यादी काढली, तर आंबा, बाण, आंबा. लिंक स्वतःकडेच बोट दाखवत होती. लिनक्स असले ४० फेरे मारून हात टेकतो.

“मामा, तुमी खंय उभे आसास ता सोडा, लिंक खंय आसा ता बघा,” भाचा म्हणाला. अर्धवट पत्ता लिंकच्या फोल्डरापासून मोजतात, माझ्यापासून नाही.

लिंक पुसताना हात थरथरला. पण आरएम या पुसायच्या कमांडने लिंकच जाते, आंबा सुखरूप. यावेळी पत्ता मुळापासून लिहिला: तिरकी रेघ, एमएनटी (बाहेरची डिस्क जोडायची जागा), तिरकी रेघ, आंबा. उघडलं!

यादीत लिंकचा आकार मात्र १७ बाइट. फोल्डर ४० जीबीचा! मग उमगलं, लिंकमध्ये फक्त पत्त्याची अक्षरं असतात. रेघा आणि एमएनटीचे ५. ‘आंबा’ दिसायला दोन अक्षरं, पण अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत आ, अनुस्वार, ब, काना असे चार तुकडे, प्रत्येकी ३ बाइट. सिंबॉलिक लिंकची सोय युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत १९८३ सालीच आलेली, मला आत्ता कळतेय.

दुसऱ्या दिवशी यादीत लिंक लाल, म्हणजे तुटलेली. फोटो गेले की काय! बघतो तर बाबांनी मोबाईल चार्ज करायला डिस्कची वायर काढलेली. डिस्क पुन्हा माउंट केली, म्हणजे त्याच जागी जोडली, लिंकला हातही लावावा लागला नाही.